लाल पत्त्याचे पैसे

मशीन बंद पडलं ते मला आधी डब्यांनी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे गेली चार वर्षं सतत बारीक थरथरायचे, झाकणाला झाकण लागून किणकिणायचे. त्या सकाळी ते एकदम गप्प झाले. मी लाटणं तिथेच टाकलं आणि आतल्या खोलीत धावले.

उत्तम पलंगावर उठून बसला होता. नाकातली नळी काढून त्याने ती कानाला लावली होती.

"खपलं," तो म्हणाला. "माझ्या आधी."

समोर मी त्याला अहो-जाहोच करायचे. इथे उत्तम लिहिते, त्याची आता काही हरकत असणार नाही. असल्या बोलण्यावर मी नेहमी चिडायचे, तशी तेव्हाही चिडले, आणि चिडत चिडतच कोपऱ्यातला सिलिंडर ओढून आणून त्याला जोडला.

उत्तम गलाईवाला. आमच्या विट्याच्या आसपासच्या गावांतली निम्मी पुरुषमाणसं याच धंद्यात. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारं दुकान आमच्याकडच्याच माणसाचं निघतं. उत्तमने विजयवाड्याला एका अंधाऱ्या गाळ्यात उभं आयुष्य काढलं. तेजाबात सोनं टाकायचं, पिवळी वाफ उठायची, ती खायची. सोनं शुद्ध होत गेलं आणि फुप्फुसं जळत गेली. शेवटी डॉक्टरांनी घरी पाठवलं, सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लिहून दिला.

हे यंत्र ऑक्सिजन तयार करत नाही, चाळून काढतं. आत दोन नळकांडी असतात, त्यांत विशिष्ट खनिजाचे दाणे भरलेले. हवा दाबून एका नळकांड्यात घातली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. ते भरलं की हवा दुसऱ्यात वळवायची, पहिलं रिकामं करायचं. हे वळवायचं काम एक व्हॉल्व्ह करतो. फुस्स, टक. फुस्स, टक. चार वर्षं आमच्या घराला हाच श्वास होता.

मोमीन मेकॅनिकने यंत्र खोललं आणि व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. मधोमध चिरला होता.

"वैनी, कंपनीच बंद झाली ह्यांची. नवा मिळायचा न्हाई. ऑनलाइन लिलावात जुना कुणी काढला असला तर बघा, मी बसवून देतो."

लिलाव मला नवा नव्हता. मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते आणि त्याच लिलावात विकते. पुण्याची, बंगळूरची माणसं आमच्या सासूबाईंच्या इरकलीवर बोली लावतात आणि मी इथे बसून ओठ मिटून हसते. त्यामुळे व्हॉल्व्ह सापडायला वेळ लागला नाही. कोइमतूरचे सेल्वम म्हणून एक विक्रेते होते, जुन्या वैद्यकीय यंत्रांचे सुटे भाग विकणारे. त्याच संध्याकाळी लिलाव संपत होता. मी बोली लावली आणि जिंकले. उत्तमला येऊन सांगितलं तर म्हणाला, "बघ, मी पण लिलावातच निघालो शेवटी." मग मी पैसे पाठवले.

पैसे वाटेतच अडकले. माझ्या नावापुढे जी हिरवी खूण कायम असायची ती लाल झाली होती. खाली लिहिलं होतं: पत्ता अप्रमाणित.

ही खूण काय ते सांगायला हवं. लिलावांमध्ये खोट्या पत्त्यांचा सुळसुळाट झाला होता तेव्हाची गोष्ट. रिकाम्या प्लॉटचा पत्ता द्यायचा, चोरलेल्या खात्यातून पैसे भरायचे, माल वाटेतच उचलायचा. महिन्याभराने खात्याचा खरा मालक बोंब मारणार आणि बँक विकणाऱ्याच्या खिशातून पैसे परत काढणार. कागद खोटे करता येत होते, नकाशावरचं ठिकाणही खोटं करता येत होतं. मग कुणा संशोधकांच्या लक्षात आलं की घर खोटं करता येत नाही. प्रत्येक घर थरथरत असतं. रस्त्यावरचा ट्रक, नळातलं पाणी, फ्रीज, पंखा, माणसांची पावलं, सगळ्यांचा कंप भिंतींतून आणि फरशीतून फिरतो. तो कानाला कळत नाही, पण मोबाइल आडवा आहे की उभा हे ज्या चिमुकल्या भागाला कळतं त्याला तो कळतो. एकच फ्रीज दोन घरांत ठेवा, भिंती वेगळ्या म्हणून कंप वेगळा. त्याला म्हणतात घरठसा. मोबाइल आपल्या घराचा ठसा शिकतो, आणि पैसे पाठवताना बघतो की माणूस खरंच त्या घरी राहतो का. जुळला की हिरवं. दिवसभर नाही जुळला की लाल.

हेल्पलाइनवरची बाई गोड बोलायची.

"मॅडम, तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावरचं घर रिकामं दिसतंय."

"अहो, आम्ही दोघंही आतच आहोत."

"सिस्टीमला तसं दिसत नाहीये, मॅडम. घरातला मुख्य कंप थांबलाय. साधारणपणे कुटुंब घर सोडून गेलं की असं होतं."

मी फोन हातात धरून डब्यांकडे बघत राहिले. मुख्य कंप. उत्तम पलंगावरून उठत नव्हता, मी दिवसभर एका जागी बसून टाके घालणारी. या घरात चार वर्षं हलत होतं ते फक्त ते मशीन. मशीन बंद म्हणून घर ओळखू येत नाही, घर ओळखू येत नाही म्हणून पैसे जात नाहीत, पैसे जात नाहीत म्हणून मशीन बंद. हे मी त्या बाईला तीन तऱ्हांनी समजावलं. तिला समजलंही. पण समजून तिच्या हातात काही नव्हतं.

सिंधूकाकी, आमच्या शेजारच्या, लगेच म्हणाल्या, "मग माझ्या घरनं भर की पैसं." तेही चालत नव्हतं. मागच्या टंचाईत साठेबाजांनी ऑक्सिजनची यंत्रं दडवली होती, तेव्हापासून नियम झाला होता: यंत्र ज्या घरी नोंदलेलं, त्याचा भाग घेताना पैसे त्याच घरून यायला हवेत. दुसरं यंत्र भाड्याने घ्यायचं तरी हेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच असावं.

वाट एकच उरली होती. लाल पत्त्याचे पैसे आले की विकणाऱ्याच्या पडद्यावर दोन बटणं येतात: परत पाठवा, किंवा माझ्या जोखमीवर स्वीकारा. दुसरं दाबलं आणि पैसे खोटे निघाले तर माल गेला, पैसे गेले आणि खातंही बंद. आम्हा विकणाऱ्यांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी लिहितं, लाल दिसलं की परत पाठवा, दयामाया दाखवू नका. मीही परतच पाठवत होते. म्हणून सेल्वम यांचं उत्तर आलं तेव्हा मला त्यांचा राग येईना. मोबाइलने भाषांतर केलेल्या मराठीत त्यांनी लिहिलं होतं: "ताई, क्षमा असावी. लाल पत्त्यावर मी दोनदा फसलो आहे. दोन्ही वेळा आजारी माणसाचीच कथा होती. आपला पत्ता हिरवा होईपर्यंत भाग राखून ठेवतो."

पत्ता पुन्हा हिरवा करायचा तर ठसा नव्याने शिकवावा लागतो. हेल्पलाइनने पद्धत सांगितली. मोबाइल जमिनीवर ठेवायचा आणि तीन-चार दिवस नेहमीसारखं राहायचं. नेहमीची माणसं, नेहमीची कामं. मी मोबाइल पलंगाखाली ठेवला आणि मुद्दाम या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागले. सिलिंडरचा काटा खाली येत होता. तालुक्याच्या दवाखान्यातून आठवड्याला एक मिळायचा, दुसरा मोमीन कुठून कुठून उचलून आणत होता. सांगलीच्या मोठ्या इस्पितळात विचारलं तर म्हणाले, पेशंट घरच्या यंत्रावर नोंदलेला आहे, अगदीच अत्यवस्थ झाला तर आणा.

आणि मग माणसं बघायला यायला लागली.

उत्तमचं मशीन बंद पडलं ही बातमी गल्लीत पसरली, तिथून गावी, तिथून भावकीत. आजारी माणसाला बघायला न जाणं म्हणजे आमच्याकडे वैर धरल्यासारखं. चुलतभाऊ आले, त्यांच्या बायका आल्या, भाळवणीची मावशी नातवंडांना घेऊन आली. कुणी नारळपाणी आणलं, कुणी देवीचा अंगारा. पोरं जिन्यावरून धडाधड पळत होती. मी सगळ्यांना चहा केला. एकदा धीर करून म्हटलंसुद्धा, की थोडे दिवस घर शांत लागतंय. मावशी म्हणाली, "बाई गं, आजाऱ्याच्या घरात शांत कशापायी पाहिजे? माणसं आली की त्येच्या जिवाला बरं वाटतं." उत्तमला खरंच बरं वाटत होतं. दम लागत असतानाही तो विजयवाड्याचे किस्से सांगत होता, मिरचीच्या लोणच्याने एका सराफाची कशी जिरवली ते. त्याला हसताना बघून मला दार लावून घेणं जमलं नाही. दार कसं लावतात आलेल्या माणसावर, ते मला आजही ठाऊक नाही.

मुदत संपली आणि मोबाइलवर आलं: ठसा अस्थिर. घरातील माणसांची संख्या निश्चित होत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तर उत्तमने माझा फोन घेऊन कुणाला तरी लावला होता.

"सर्जेराव, कोइमतूरला हायस न्हवं अजून?" तो एकेक शब्द मोजून बोलत होता. "एक काम हाय. तुझ्या वैनीशी बोल."

सर्जेराव मोहिते. पोरवयात दोघं एकाच उस्तादाच्या भट्टीवर शिकले, मग एक विजयवाड्याला गेला, एक कोइमतूरला. मला हे आधी सुचलं नव्हतं. मी बटणं दाबत बसले होते आणि आमची माणसं दर बाजारात बसलेली होती.

"वैनी, काळजी करू नगासा," सर्जेराव म्हणाले. "मी त्येच्या दारात जाऊन बसतो."

ते गेले, तर सेल्वम बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलेले. सर्जेराव दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. सेल्वम भेटले तेव्हा म्हणाले, मी तुम्हाला ओळखत नाही, उद्या पैसे खोटे निघाले तर मी कुणाला धरू? सर्जेरावांनी काय करावं? ते त्यांना सराफ बाजारात घेऊन गेले. गलाईवाल्याकडे सराफ आपल्या दुकानाचा केरसुद्धा देतात, कारण त्या केरात सोन्याचा कीस असतो. तो विनापावती द्यायचा, किती निघालं ते गलाईवाल्याने सांगायचं आणि सराफाने मानायचं, अशी रीत. एका म्हाताऱ्या सराफाने सेल्वमना तमिळमध्ये सांगितलं, की हा माणूस माझ्या उंबऱ्यावरची धूळ उचलतो तेव्हापासून मी दाराला कुलूप कमी आणि भरवसा जास्त लावतो. सेल्वम यांनी तिथेच उभं राहून बटण दाबलं. माझ्या जोखमीवर स्वीकारा.

ते ऐकून उत्तम डोळे मिटून पडला आणि हसला. "केराची पत बघ," म्हणाला. मग बराच वेळ त्याला धाप लागली.

पार्सल निघालं. पण लाल पत्त्यावर पार्सल घरपोच येत नाही. ते सांगलीच्या गोदामात थांबतं आणि ज्याच्या नावावरून पैसे गेले त्याने स्वतः जाऊन, चेहरा दाखवून घ्यायचं. ज्या दिवशी पार्सल आल्याचा निरोप आला, त्या दिवशी शेवटच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. मोमीन तासगावला सिलिंडर शोधायला गेला होता. सिंधूकाकी उत्तमजवळ बसल्या.

"जा तू," उत्तम खुणेने म्हणाला. मग माझा पदर ओढून जवळ बोलावलं आणि पुटपुटला, "येताना भडंग आण."

सांगलीची भडंग. मी म्हटलं, "आणते." आणि गेले.

गोदामात रांग होती. माझा चेहरा यंत्राला पटकन पटेना, घाम पुसून दोनदा दाखवावा लागला. व्हॉल्व्हचा खोका हाताच्या मुठीएवढा होता. तो मांडीवर घेऊन मी विट्याच्या एसटीत बसले. भडंगही घेतली होती. तासगाव गेलं आणि सिंधूकाकींचा फोन आला. त्या नुसत्या हुंदके देत होत्या. मी फोन बंद केला नाही, कानाशी तसाच धरून ठेवला. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठं उतरायचं तुम्हास्नी?"

सुतक फिटल्यावर मोमीन आला आणि संकोचत म्हणाला, "वैनी, तो व्हॉल्व्ह पडलाय तसाच. बसवू का नको?" मग तोच म्हणाला, "तुमचं पण पैसं आडकल्यात ना."

अडकले होते. घर लाल म्हणून गोधड्यांचे पैसे खात्यावर उतरत नव्हते, विधवा पेन्शनची फाइल हलत नव्हती, दवाखान्याच्या मदतीचा अर्ज परत आला होता. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. मी म्हटलं, "बसव."

फुस्स, टक. मांडणीवरचे डबे किणकिणायला लागले. दुसऱ्या सकाळी माझी खूण हिरवी झाली.

म्हणजे घराच्या लेखी काहीच झालं नव्हतं. उत्तम होता तेव्हा त्याची पावलं ठशात नव्हतीच, तो पलंगावर असायचा. ठशात उत्तम म्हणजे ते मशीन. ते चालू आहे तोवर आम्हा पवारांचं घर जागेवर आहे. मी नळी गुंडाळून मशीनच्या मुठीला अडकवली आणि मशीन चालूच ठेवलं. ते दिवसरात्र पलंगाकडे तोंड करून ऑक्सिजन सोडत राहायचं आणि पलंग रिकामा असायचा. खरं सांगते, मला त्याचा आधार वाटायला लागला होता. झोपताना मी तोच आवाज ऐकायचे. तो ऐकत पडलं की कूस बदलून बघावंसं वाटायचं नाही.

असे काही महिने गेले. मग एक दिवस लिलावाच्या खात्यावर निरोप आला. ज्यांच्या ज्यांच्या नावावर हे जुनं मॉडेल नोंदलेलं होतं, त्या सगळ्यांना पाठवलेला. भंडाऱ्याकडचे कुणी देवाजी मेश्राम होते.

"ताई, हेच मॉडेल आमच्याकडे होतं. बंद पडलं, मेकॅनिक म्हणते जळून गेलं. लहान बहिणीला लागते. तुमच्याकडचं विकाचं असन तर सांगा. पैसे पाठवून ठेवतो. पत्ता लाल दिसन, पण पैसे खरे आहेत जी."

खाली पैसे आलेले होते, आणि लाल खूण. आणि ती दोन बटणं.

मी फोन पालथा ठेवला. गोधडी पुढ्यात ओढली, सुई ओवली आणि एकही टाका घातला नाही. हा माणूस खोटा असू शकत होता. सेल्वमना दोनदा फसवणाऱ्यांनीही हेच लिहिलं असणार. पण "पत्ता लाल दिसन" हे त्याने आधीच सांगितलं होतं, माफी मागितल्यासारखं. त्याच्या घरात आता कुठले डबे गप्प झाले असतील ते मला दिसत होतं. त्याला भंडाऱ्यात सर्जेराव असेल की नाही, देव जाणे.

सिंधूकाकींना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "आगं, ते मशीन दिलंस तर तुझं पैसं पुन्हा आडकत्याल. नवा ठसा उमटवायला किती दिस लागतंय, काय इचारलंस का?"

विचारलं होतं. हेल्पलाइनवर तीच गोड आवाजाची बाई होती. एकट्या माणसाच्या घराला ठसा धरायला वेळ लागतो, म्हणाली. कंप फार कमी असतो. चार-सहा महिने धरून चला, मॅडम.

"मग काय खाशील तवर?" काकींनी विचारलं.

"तुमच्याकडं जेवीन की," मी म्हटलं.

"जेव बाई," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

मी बटण दाबलं. माझ्या जोखमीवर. मग आतल्या खोलीत गेले, मशीनवर हात ठेवला. ते कोमट होतं आणि तळहाताखाली बारीक थरथरत होतं. मी म्हटलं, "अहो, बंद करते हं." आणि बंद केलं. स्वयंपाकघरात डबे थांबले. मोमीनने नीट खोक्यात भरून त्याच दिवशी ते रवाना केलं.

दुसऱ्या दिवशी माझी खूण लाल झाली. देवाजी मेश्राम यांचे पैसे माझ्या नावावर आले, पण उतरेनात, कारण आता माझंच घर रिकामं होतं. दोन लाल घरांच्या मध्ये पैसे लोंबकळत राहिले. मी रोज सकाळी उठून पडदा बघायचे. भंडाऱ्याहून काही निरोप नव्हता. एकदा वाटलं, फसले. एकदा वाटलं, त्यांनाही गोदामाच्या रांगेत उशीर झाला. हे दुसरं वाटायचं तेव्हा मी ताट सारून उठायचे.

मग एका सकाळी चहा उकळत ठेवून मी फोन उघडला, आणि देवाजी मेश्राम यांच्या नावापुढची खूण हिरवी होती.

एक शब्द नव्हता लिहिलेला. गरजही नव्हती. खूण दिवसभर मशीन चालल्याशिवाय हिरवी होत नाही, आणि रिकाम्या पलंगासमोर ते चालू ठेवायची वेळ तिकडे कुणावर इतक्यात आलेली नसावी. भंडाऱ्याजवळच्या कुठल्याशा घरात डबे किणकिणत होते. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि उत्तम गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले, चहा उतू जाईपर्यंत.

तोंड धुतलं, गॅस पुसला. मोबाइल आतल्या खोलीत नेऊन जमिनीवर ठेवला, पलंगाच्या पायाशी. मग या खोलीतून त्या खोलीत चालायला लागले. टाच जरा टेकवून टेकवून, म्हणजे घराला कळावं की आता इथे मी एकटी राहते.